आवाज बंद, तोंड उघडा

“आवाज बंद, तोंड उघडा!”

टाळेबंदीत माझ्या नातीच्या फोनमधून आठवड्यातून तीनदा ही आरोळी यायची. आरोळी मारणारे आमच्या बोईसरच्या शाळेतले संगीताचे सर. मूळचे चिंचणीचे. वर्गात पुस्तकी भाषा बोलायला जायचे आणि दुसऱ्याच वाक्याला किनाऱ्यावर यायचे.

पहिल्या ऑनलाइन तासाला तीस मुलांनी एकदम गाणं म्हटलं. एकाचा आवाज पुढे, दुसऱ्याचा अर्ध्या ओळीने मागे, तिसऱ्याच्या घरातला कुकर मध्येच. मासळीबाजार बरा म्हणायची वेळ. तेव्हा सरांनी फर्मान काढलं. मुलांनी फोनचा आवाज बंद करायचा आणि घरात मोठ्याने गायचं. सर पेटी वाजवणार आणि नुसती तोंडं बघणार.

“ए बेटेगाव, जबडा सोड. दगड धरलाय का तोंडात?”

बेटेगावची ती मुलगी हसायची आणि जबडा सोडायची. माझ्या नातीलाही ते असंच पकडायचे. मी शेजारीच असायचे, तिचा सूर खरंच घसरलेला असायचा. मला वाटायचं, काय जादूगार माणूस आहे!

आता माझी गोष्ट सांगते, लाज वाटत असली तरी. सर शाळेत लागले तेव्हा मी तिशीची होते. मी तिथेच मराठी शिकवायचे, नाटकं बसवायचे. बोईसर-तारापूर पट्ट्यात आपल्यासारखी नटी नाही, अशी माझी खात्री होती. त्या पट्ट्यात दुसरी कुणी नटी नव्हतीच, हे मी सोयीने विसरलेले. स्नेहसंमेलनाच्या नाटकातलं पद मुलींना जमेना, तेव्हा ‘मीच विंगेतून गाईन’ म्हणाले. तालमीत छातीवर हात, डोळे मिटलेले, मान तिरकी. डोळे उघडले तर या पंचविशीच्या पोराने पेटीचा भाता बंद केलेला.

“काय झालं?” मी.

“काय नाय बाई. सूर निघालाय, पालघरपर्यंत आला असेल. थांबू जरा.”

तीन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. शाळेतल्या सगळ्यांना तो सुखाचा काळ वाटला असणार. पुढे आमचं जमलं. पण मी निवृत्त होईपर्यंत त्यांनी माझा एकही बेसूर फुकट जाऊ दिला नाही. शिक्षकखोलीत मी नुसती गुणगुणले तरी वहीतून मान वर न काढता खोकायचे.

म्हणूनच टाळेबंदीतला तो दिवस मला खटकला. नात फोनचा आवाज बंद करायला विसरली होती. मी मागे मेथी निवडत होते आणि गाणं ओळखीचं निघालं म्हणून मीही लावला आवाज. तो तीस घरांत गेला. मुलं खिदळली, नात “आजी, गप!” म्हणून ओरडली. सर शांतपणे पेटी वाजवत राहिले. ना टोमणा, ना खोकला.

संध्याकाळी फोन केला. उचलला त्यांच्या बायकोने.

“त्यांना फोनवर नाय ऐकू येत, ताई. डावा कान गेलाच हाय, उजवापण जायला लागलाय. पेटी अंगाला टेकलेली असते, तेवढी कळते त्यांना. मशीन लावली तर म्हणतात, गाणं पत्र्यावर पडल्यासारखं वाटतं.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “शाळेत बोलू नका. पोरांचा तास गेला तर हा माणूस उभा राहायचा नाय.”

मी शब्द दिला. दोन वर्षं पाळला. तोंडं दिसत होती तोवर सरांचा तास चालला आणि खरं सांगते, उत्तम चालला.

मग शाळा उघडली. मुलं आली ती तोंडाला मास्क लावून.

गाण्याच्या पहिल्या तालमीला मुख्याध्यापिकांनी मलाही बोलावलं होतं. सभागृहात तीस मुलं अंतर ठेवून उभी. कपाळं आणि डोळे, बाकी सगळं कापड. सरांनी पेटी उघडली, वर पाहिलं आणि त्यांची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. ‘मिनिटभर मास्क काढू द्या मुलांना’ एवढंच मला म्हणायचं होतं. पण मग मुख्याध्यापिकांनी ‘का?’ विचारलं असतं. रंगभूमीवर दुसऱ्याची वाक्यंसुद्धा खाणारी मी त्या दिवशी माझं एकच वाक्य बोलले नाही.

सरांनी सुरुवात दिली. दोन वर्षांनी मुलं एका छपराखाली गायली. अंगावर काटा आला. गाणं संपलं, मुलं थांबली.

सर वाजवतच राहिले.

मान खाली, भाता चालू, शेवटचंच कडवं परत. एकही मूल हसलं नाही. मुख्याध्यापिका पुढे व्हायला लागल्या, तेवढ्यात बेटेगावच्या मुलीने ते कडवं पुन्हा उचललं. तिच्यामागे माझी नात, मग सगळी. तेवढ्यात सरांनी मान वर केली. सरांचा हात थांबेपर्यंत मुलं त्यांच्याबरोबर गात राहिली.

“छान,” सर म्हणाले. “पानी प्या जा.”

मला वाटलं, निभावलं.

सोमवारी सर आले नाहीत. राजीनाम्याचं पत्र आधीच देऊन गेले होते. मुख्याध्यापिकांनी ते माझ्या हातात ठेवलं. वर्षं, पद, विनंती, सगळं रीतसर. आणि सहीच्या वर, वेगळ्या शाईत: ‘मुलं दोनदा गायली. त्यांचे थांबलेले खांदे एकेक करून पुन्हा हलायला लागलेले मी पाहिले. मुलांनी मला सांभाळून घ्यायचं, हे उलटं झालं.’

त्या दिवशी गाण्याच्या तासाला मुलं सभागृहात आपापल्या जागी उभी होती. सा द्यायला कुणी नव्हतं. घंटा झाली, तशी ती ओळीने बाहेर गेली.