सोळा चॅनेलांवरचे साडू

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. कुणी साडूंचा विषय काढला की मी गुरांना पाणी दाखवायला उठायचो, आणि गुरं विकल्यावरही उठायचो. आता माझंच वय झालं, म्हणून सांगून टाकतो. आपलं बोलणं कुणीतरी चोरून ऐकतंय याची आमच्या साडूंइतकी खात्री असलेला माणूस सबंध पुणे जिल्ह्यात झाला नाही, आणि ज्याच्या बोलण्यात चोरून ऐकण्यासारखं इतकं कमी होतं असाही झाला नाही.

साडू दौंडला रेल्वेच्या वायरलेस खात्यात होते. निवृत्त होऊन न्हावऱ्याला आमच्या शेजारी राहायला आले, पण खातं अंगातून गेलं नाही. "एका लहरीवर बसून बोललं की धरलंच समजा, पाव्हणं. लपायचं न्हाई, हालत ऱ्हायचं," असं ते म्हणत. त्यामुळे त्यांचा फोन आला की 'हॅलो' ओट्यावर, 'बरं हाय का' गोठ्यात आणि 'जेवला का' जिन्यात व्हायचं. मेहुणी जेवणाचं ताट घेऊन मागून फिरायची. फारच गुप्त असेल तर ते मला पिठाच्या गिरणीत नेत. आपला आवाज गोंगाटाखाली पुरला की ऐकणाऱ्याला नुसती घरघर ऐकू येते, हे त्यांचं शास्त्र खरं होतं. फक्त मलाही घरघरच ऐकू यायची. एकदा मी बराच वेळ मान हलवून पांढराफटक होऊन घरी आलो, तर कळलं, त्यांनी बाजरीचं कोणतं बियाणं घेऊ असं विचारलं होतं आणि मी तिन्ही वाणांना हो म्हटलं होतं. पुढे त्यांनी निरोप तुकड्यातुकड्यांनी वाटायला सुरुवात केली, म्हणजे एक तुकडा शत्रूला सापडला तरी अर्थ लागू नये. माझ्या बायकोला फोन गेला, "आप्पा गेले." माझ्या भावाला गेला, "सकाळीच." 'तळेगावच्या बाजाराला' हा तिसरा तुकडा माझा होता, आणि मी उसात होतो, जिथे रेंज नव्हती. दुपारी आमचे सासरे आप्पा मेथीच्या जुड्या घेऊन परतले तेव्हा दारात बांबू पडले होते आणि बायका रडत होत्या. आप्पांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं रं?"

गावानं साडूंना हसण्यावारी नेलं ते तेव्हापासून. म्हणून दूध संस्थेच्या चेअरमनच्या निवडीवेळी आमच्या पॅनेलच्या आबांनी त्यांना आपणहून बोलावलं, तेव्हा ते नवी पँट घालून गेले. आमच्याकडे एकाच संचालकाचं बहुमत होतं. अशा वेळी संचालकांना मतदानापर्यंत सहलीला नेतात आणि त्यांचे फोन काढून घेतात, म्हणजे समोरच्यांना त्यांना फोडता येत नाही. आमचे संचालक मात्र अडून बसले. "आमच्या म्हशींची खबर घडोघडी कळाया पायजे, न्हाईतर आम्ही न्हाई येत!" बिबट्याच्या भीतीनं वस्तीवस्तीवर वायरलेस सेट होते, पण ते समोरच्यांकडेही होते. साडू म्हणाले, "आबा, माझ्यावर सोडा."

संचालकांना घोड नदीकाठच्या एका बंद गुऱ्हाळात दडवलं. साडू तिथे, आणि मी गावात दूध संकलन केंद्रावर, कारण माप घ्यायचं काम माझंच होतं. सेटवर सोळा चॅनेल. दर वाक्याला चॅनेल बदलायचं. कुठलं? तर मारुतीपासून गल्लीतली घरं क्रमानं घ्यायची आणि ज्या घरी जितकी दुभती जनावरं, तो आकडा लावायचा. दोन दिवस हे घड्याळासारखं चाललं. "तुमच्या जर्सीनं पेंड खाल्ली" इतकं बोललो की खटका फिरवून पुढच्या आकड्यावर "पाणी बी प्याली." समोरच्यांना कुठे पेंड लागे, कुठे पाणी, पूर्ण जर्सी कुणालाच सापडेना. आबांनी साडूंच्या पाठीवर थाप मारली, असं ते मला सेटवरूनच सांगत होते. त्यासाठी त्यांना चार चॅनेल लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतल्या सोपानाची एक म्हैस आटली. त्याच्या दुधाचं माप कमी भरलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं. आता आटलेली म्हैस दुभत्यात धरणारा माणूस केंद्रावर बसायच्या लायकीचा नाही, म्हणून मी सोपानाच्या घरी एक कमी केला. गुऱ्हाळात बसलेल्या साडूंना हे कळायला वाव नव्हता. ते जुन्या आकड्यावर, मी नव्या, आणि दोघंही तिथेच एकमेकाची वाट बघत. सेटवर शुकशुकाट झाला. मी घाबरलो आणि एकामागून एक सगळी चॅनेल फिरवत ओरडत सुटलो, "ओ साडू! नदीकडच्या गुऱ्हाळात पोचतंय का माझं?"

साडूंपर्यंत पोचलं की नाही माहीत नाही, बाकी सगळ्यांपर्यंत पोचलं. समोरच्यांच्या दोन जीपा माझ्या डोळ्यांदेखत नदीकडे गेल्या. दोन संचालक फुटले, आमचं पॅनेल पडलं. संध्याकाळी आबा सगळ्यांदेखत साडूंना म्हणाले, "रेल्वेनं तुमाला पोसलं कसं वो इतकी वर्सं?" मी तिथेच उभा होतो. माझ्या तोंडात म्हैस आली होती, पण बाहेर पडली नाही. साडूच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पाव्हणं, माझ्यापायी तुमाला बी खाली बघावं लागलं. शास्त्रातच कायतरी खोट असंल."

त्यानंतर ते एका जागी बसून फोनवर बोलू लागले. मेहुणीला सुरुवातीला बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. एकदा ती मला म्हणाली, "भाऊजी, त्यांना कुणीतरी ऐकतंय असं आता वाटतच न्हाई."

शेवटच्या आजारात त्यांना दौंडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी ठरवूनच गेलो होतो. खाटेशी बसलो. त्यांनी डोळे उघडले. "बोला की पाव्हणं," म्हणाले. मी म्हणालो, "औषधं घेताय न्हवं येळेवर?" ते म्हणाले, "व्हय." पुढच्या आठवड्यात ते गेले.

साडू, शास्त्रात खोट नव्हती. सोपानाची म्हैस आटली होती, आणि मी तुम्हाला न सांगता ती वजा केली. चुकलं माझं.