सुमित्राबाईंनी गाळलेल्या ओळी

सुमित्राबाई निगुडकर मूळच्या उज्जैनच्या. अर्धा जन्म शाळेत हिंदी शिकवण्यात गेला, उरलेला नवरा सांभाळण्यात. बाळकृष्णराव कारखान्यातून निवृत्त झाले आणि साखरेनं त्यांची नजर नेली. हिंदी मुलखातल्या त्यांच्या अयोध्या नगरच्या घरात मग पेपर बाईच वाचून दाखवायच्या, मरणाच्या बातम्या गाळून. ह्यालाच त्या माया म्हणत.

बाळकृष्णरावांच्या यकृतात कॅन्सर निघाला, तेव्हाही बाईंनी त्यांना ‘साधी गाठ’ एवढंच सांगितलं. पुढे हॉस्पिटलात नव्या औषधाच्या चाचणीचा विषय निघाला. चाचणीचं काम बघणाऱ्या, हिंदीच बोलणाऱ्या जुईनं सांगितलं, माहितीपत्रक साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं, मगच सही. बाई म्हणाल्या, “मीच वाचते. घरच्या भाषेत नीट कळेल.” साक्षीला शेजारचे अशोक साहू आले. भला माणूस, पण मराठी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

हिंदी पत्रक बाईंनी घडाघडा मराठीत वाचलं. कॅन्सर गाळला, औषधाचे त्रास गाळले. ‘चाचणी केव्हाही सोडता येईल, नेहमीचे उपचार चालू राहतील,’ हेही गाळलं. नवरा पक्का धरसोड. पेटी अर्धवट, योगासनं अर्धवट. पहिल्या उलटीलाच पळेल, आणि बाईंना तर दुसरा आधारच नव्हता.

“समझ में आया, बाबूजी?” जुईनं विचारलं.

“हमारी मिसेज़ ने सब पढ़ दिया,” बाळकृष्णराव ऐटीत म्हणाले.

आणि आयुष्यात पहिल्यांदा गडी चिवट निघाला! तोंडभर फोड आले, तळपायांची सालं निघाली, पेजही पोटात ठरेना. गाठ तसूभर हटली नाही, पण गोळी चुकवली नाही. बाई मोरीत तोंड दाबून रडत.

एका सकाळी पेजेची वाटी बाजूला सारून ते म्हणाले, “सुमित्रा, आता नाही सोसत गं. पण जुबान दिलीय, सही केलीय. मागे कसं फिरायचं?”



“अहो, सोडता येतं. केव्हाही. पत्रकात लिहिलंय तसं.”

“तू वाचलं नाहीस.”

“नाही.”

ते चिडले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त आवाजाच्या रोखानं मान वळवली.

“आणखी काय वाचलं नाहीस?”

बाईंनी पत्रक काढलं, चष्मा लावला. पहिल्याच ओळीत आजाराचं नाव होतं. तिथूनच त्यांना सुरुवात करावी लागली.