गनशिपवाला पौलस

आमच्या म्हाताऱ्याचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव पौलस गावित. पण चिंचपाड्यात पौलस म्हणून विचारलं तर कुणी सांगणार नाही. गनशिपवाला म्हणा, दारापर्यंत आणून सोडतील. फौजेत असताना तो गनशिपच्या, म्हणजे लढाऊ हेलिकॉप्टरच्या, उघड्या दारात बंदुकीवर बसायचा, खालून गोळ्या यायच्या, वरून हा झाडायचा, असं त्याने स्वतःच सांगितलं होतं. आणि सांगितलं कुठे, तर चर्चमध्ये! आमच्यात कापणीच्या सणाला माणूस मंडळीपुढे उभा राहून साक्ष देतो. देवाने आपल्याला कशातून राखलं ते बोलायचं आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. तिथे कुणी खोटं बोलत नाही, निदान मी तरी तसंच धरून चालले होते.

मी काय कमी मिरवले? नवापूरला लालचंदशेठच्या दुकानात गेले की ते गडबडीने नोकराला ओरडायचे, "खुर्ची दे रे, फौजीनी बाई शे ती!" आणि फौजीची बायको म्हणून मी पदर सावरून ऐटीत बसायची, जशी काही बंदूक मीच चालवली. आता त्या खुर्चीची आठवण झाली तरी कानशिलं तापतात.

यंदा सणाच्या आदल्या दिवशी मोलगीकडचा उदेसिंग पाडवी आमच्याकडे उतरला. दवाखान्यात डोळे दाखवायला आला होता. म्हाताऱ्याबरोबर एकाच तुकडीत होता तो. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. मी खुशीत कोंबडी कापायला घेतली, तर आमच्या म्हाताऱ्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "अरे बाबा, दोस्त आलाय तुझा, जरा हस की!" म्हटलं, तर उठून बैलांकडे गेला.

जेवताना भात वाढला तसा उदेसिंग हसला. "वहिनी, याचीच पोती ढकलण्यात आमची फौज गेली बघा."

"कसली पोती?"

मग तो भोळेपणाने सांगत सुटला. हेलिकॉप्टर नव्हतंच. मालवाहू विमान होतं. अरुणाचलच्या डोंगरात, जिथे रस्ता नाही, तिथल्या चौक्यांवर जवानांना वरून रेशन टाकायचं. गोणीत गोणी घालून शिवलेला तांदूळ, मीठ, डाळ. विमानाचं मागचं दार उघडायचं, घंटा वाजली की सगळ्यांनी जोर लावायचा. "दरीत विमान वळलं की पोटातलं गळ्याशी यायचं, वहिनी. पौलस तर सुरुवातीला नुसता ओकायचा!" एकदा एक पोतं दारातच अडकलं. ते मोकळं करायला पौलसने आपल्याला विमानाशी बांधणाऱ्या कमरेच्या पट्ट्याचा आकडा काढला. तेवढ्यात विमान हिंदकळलं. पोतं गेलं आणि त्याच्यामागोमाग हाही चालला. उदेसिंगने तो लोंबता पट्टा पकडून हाताला गुंडाळला. पट्टा आणि दाराचं लोखंड यांच्यामध्ये बोटं चिरडली.

"पण सोडला नाही मी," तो म्हणाला आणि त्याच हाताने भात कालवायला लागला.

म्हाताऱ्याने ताटातून मान वर केली नाही.

उदेसिंग हात धुवायला गेला तसं मी विचारलं, "आणि बंदूक?"

"नव्हती."

"मग इतकी वर्षं साक्षीत काय सांगत होतास?"

"पहिल्यांदा लोकांनीच विचारलं, गोळ्या झाडल्या का. पोती ढकलली कसं सांगू? हमालच की मी मग. म्हटलं, हो, झाडल्या." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "हिरी, उद्या याला चर्चला आणू नको. हा बोलला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"ज्याने बोटं घालवून तुला धरलं त्यालाच लपवतोस? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"वाटते ना. म्हणून तर," तो म्हणाला.

पण सकाळी चर्चचे पाळक दिनेश स्वतःच घरी आले आणि पाहुण्याला आग्रहाने घेऊन निघाले. वाटेत उदेसिंगने मला हळूच विचारलं, "वहिनी, मला तुमच्यातलं काही कळत नाही. चुकलो म्हणजे?"

"भावजी, साक्ष देणारा बोलायचा थांबला की आमेन म्हणायचं. झालं."

चर्चमध्ये वेदीपुढे भोपळे, नागली, कोंबडे, आणि आमच्या शेतातलं भाताचं पोतं. पाळक म्हणाले, "पौलसबाबांबरोबर गनशिपमध्ये लढलेले पाहुणे आज आलेत. दोन शब्द बोला, बाबा."

उदेसिंग गोंधळून उभा राहिला. गनशिप? त्याने म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा पांढराफटक. उदेसिंगला काय समजायचं ते समजलं.

"पौलस सांगतो ते खरं आहे," तो म्हणाला. "बंदूक तोच चालवायचा. लई धीट माणूस."

मागून कुणीतरी विचारलं, "आणि बोटं? लढाईत गेली का?"

"नाही हो! घरी कडबा कापताना गेली." सगळे हसले. तोही हसला आणि हात खिशात घातला. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

मग देवाला वाहिलेल्या पिकाचा लिलाव सुरू झाला. आमचं पोतं शाळेतल्या आशाबाईंनी घेतलं. म्हातारा ते उचलायला वाकला तशी तरणी माणसं धावली. "बाबा, तुम्ही नको! गनशिपवाल्याने हमाली करायची का?"

म्हाताऱ्याने त्यांना ढकललं. पोतं पाठीवर घेतलं आणि तिथेच, वेदीपुढे वाकून उभा राहिला.

"हेच केलं मी," तो म्हणाला. "फौजेत सगळी नोकरी हेच. बंदुकीला कधी हात लावला नाही. मी इथे उभा राहून तुमच्याशी खोटं बोललो, देवाशीही. विमानातून पडत होतो तेव्हा मला देवाने राखलं ते या उदेसिंगच्या हाताने. त्याची बोटं माझ्यापायी गेली. त्याचं नाव मी एकदाही घेतलं नाही."

पोतं खाली ठेवायचंही त्याला सुचेना. पाळकांनी मान खाली घातली. साक्ष संपली होती आणि आमेन म्हणायला एक तोंड उघडेना. माझंही नाही, मी त्याची बायको असून.

उदेसिंगने इकडे तिकडे बघितलं. म्हातारा बोलायचा थांबला होता. मग उदेसिंगने खिशातला हात काढला, दुसऱ्या हाताला जोडला, आणि एकटाच मोठ्याने म्हणाला, "आमेन."