पिवळी झेंडी

सन २०२३. मला एकाहत्तरावं चालू होतं आणि मी वालूरहून कोइमतूरला निघालो होतो, थोरल्याला परत आणायला. थोरला म्हणजे दिलीप. गावातच ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. चाळिशीत त्याला हौशी लोकांच्या मोटारशर्यतीचा नाद लागला; या खेपेला शर्यत कोइमतूरला होती. सून सुनीता म्हणाली, "मामा, ते तुमचंच ऐकतेत. सोड म्हनावं. माझ्या डोळ्याला डोळा न्हाई."

सेलूहून पूर्णा, तिथं गाडी बदलून हैदराबाद आणि मग पुढं. फडक्यातले धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट पोळ्या) संपले आणि दहीभातावर आलो. त्या भाताला चवच नाही.

मैदानावर भोवती नारळी, मागं निळे डोंगर, मध्ये वळणावळणाचा डांबरी रस्ता. गाड्या बघून मी थबकलो. बुटक्या, एकट्याला बसण्यापुरत्या, वर छत नाही, चारही चाकं उघडी. आमचा शंकरपटाचा (बैलांच्या शर्यतीचा) छकडाच की! जिंतूर, मानवत, जिथं पट तिथं मी. बैलांच्या तोंडचा फेस धोतरावर घेऊन घरी यायचो. पुढं पट बंद झाले, बैल विकले. त्यानंतर कासरा हाती धरला नाही.

शर्यतीत दिलीप तिसरा होता. एवढ्यात वळणावरच्या माणसानं पिवळी झेंडी हलवली. पटात झेंडी हलली की बैल सोडायचे, एवढंच मला ठाऊक. कठड्याला धरून ओरडलो, "हाण, दिल्या!" आणि या बहाद्दरानं गाडी हळू केली. वालूरचं नाव घालवलं म्हणून मी त्याला नको नको ते बोललो.

शेजारच्या म्हाताऱ्या तमिळ माणसानं माझा सदरा ओढला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "पीली झंडी. आगे कोई फँसा है. अभी कोई आगे नहीं जाता."

पुढच्या वळणावर एक गाडी आडवी झाली होती, माणूस आत. सगळे तिच्याजवळून रांगेनं गेले, कुणी कुणाला ओलांडलं नाही. तो माणूस आपल्या पायानं बाहेर आला तेव्हा कुठं मी खाली बसलो.

दिलीप पाचवा आला. घामानं निथळत म्हणाला, "सुनीतानं धाडलं न्हवं? आबा, तुमी म्हनलाव तर आजपासून बंद."

गाडीत दोन दिवस घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं.

"शेवटच्या वळणाला लय लवकर ब्रेक मारलास," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत तो बसल्या जागी झोपला. मला आमची कारभारीण आठवत राहिली. मी पटाला गेलो की परत येईस्तोवर ती जेवायची नाही. मला वाटायचं, बाईमाणसाचा उपास असेल.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीतानं विचारलं, बोललाव का. "न्हाई. आन् बोलनारबी न्हाई," मी म्हणालो. ती अंगण झाडायला गेली. मी गॅस पेटवला, जन्मात पहिल्यांदा चहा केला आणि कप तिला अंगणात नेऊन दिला. साखर राहिली होती, हे तिनं अर्धा पिऊन झाल्यावर सांगितलं.