हारासाठी सोडलेली जागा

आई जिवंत असताना तिचा हार घालायचा फोटो काढायला घेऊन येणारा मुलगा तुम्ही कधी पाहिलाय का? मी पाहिलाय. सांगते, पण तो राग आधीच बाहेर काढला तर बाकीचे किस्से राहून जातील.

इकडे हिंदी मुलखात, बाग सेवनिया वस्तीत, आमचा छोटासा फोटो स्टुडिओ आहे. हे लग्नांच्या शूटिंगला जातात, दुकान मी सांभाळते. दिवसभर अनोळखी माणसं येतात. कॅमेऱ्यासमोर सगळी शहाण्यासारखी बसतात. खरी दिसतात ती त्याच्या आधी आणि नंतर. स्वयंपाक करताना ह्यांना एकेक सांगायला लागते आणि पोळी करपते.

एकदा चार इमलीच्या सरकारी बंगल्यांकडून एक मॅडम आल्या, सोबत त्यांची कामवाली. पोलीस व्हेरिफिकेशनला तिचा फोटो हवा होता आणि मॅडमना पासपोर्टसाठी स्वतःचा. बिचारी स्टुलावर टेकणार, तोच मॅडम ओरडल्या, "अरे, खड़ी रहो! उसी पे मुझे बैठना है।"

फोटो खांद्यापर्यंतचा. उभ्यानेही निघाला असता. पण मी म्हटलं, "बिना बैठे फोकस नहीं होगा।" तिला आरामात बसवलं, केस नीट करायला आरसा दिला, गरज नसताना आणखी फोटो काढले. मग मॅडमकडे वळले.

"आइए मॅडम, सीट गरम है!"

दुसरी एक मराठी आई. मुलीचा फोटो स्थळांना पाठवायचा होता. मुलगी सावळी, डोळे बोलके. आई माझ्या कॉम्प्युटरशेजारी खुर्ची ओढून बसली. "थोडी उजळ करा ना ताई." केली. "अजून थोडी." केली. "अजून…" आता नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो तेही कळेना! मी दात आवळून माउस फिरवत होते.

मुलगी मागून शांतपणे म्हणाली, "काकू, आता लग्नाला हिलाच उभी करा. मला तसाही त्या दिवशी पेपर असेल!"

एक भाईसाहब मोबाइल पुढे करत म्हणाले, "इसमें से बीवी हटा दो।" का, ते मी विचारलं नाही. पण फोटोत त्यांचं बाळ त्या बाईच्याच मांडीवर होतं. मी म्हटलं, "इन्हें हटाया तो बच्चा हवा में तैरेगा।" तर म्हणतात कसे, "तो किसी और की गोद लगा दो!"

माझा आवाज सहसा चढत नाही. त्या दिवशी शेजारच्या दुकानापर्यंत गेला. "भाईसाहब, गोद एडिट नहीं होती!"

आणि होशंगाबाद रोडवरचा तो प्रकार. मी दुरुस्तीला दिलेला कॅमेरा घेऊन परतत होते, सिग्नलजवळ एका मुलीची स्कूटी घसरली. गुडघा फुटलेला, पोरगी रडतेय आणि भोवती नुसते मोबाइल! माझ्या गळ्यात कॅमेरा बघून एक जण इकडच्या बोलीत म्हणाला, "हटो खां, दीदी फोटोग्राफर हैं, बढ़िया खींचेंगी!" मी कॅमेरा काढून त्याच्याच हातात कोंबला आणि मुलीला उचललं.

नंतर बघितलं तर त्याने माझ्याच कॅमेऱ्यावर आम्हा दोघींचे फोटो काढले होते. वर म्हणाला, "दीदी, ग्रुप पे डाल देना।"

आता वत्सलाआजी. नागपूरकडच्या, आमच्याच कॉलनीत राहतात. आजोबा गोविंदपुऱ्यात कारखान्यात होते. ते गेले, घर आजींच्या नावावर आहे. मुलगा सुधीर त्यांच्याच घरात राहतो. तोच त्यांना घेऊन आला.

"ताई, दोन कामं आहेत. पासपोर्ट साइज पाहिजे, घर माझ्या नावावर करायचंय त्या कागदांना. आणि एक मोठा, फ्रेमवाला."

"मोठा कशाला?"

"नंतर धावपळीत चांगला फोटो सापडत नाही हो. आता चेहरा ठीक आहे. वर जरा जागा सोडा, हाराला."

आजी समोरच बसलेल्या! सगळं ऐकत!

मी कसंबसं म्हटलं, "आजी, हसा थोडं." तर सुधीर म्हणाला, "हसू नको आई, ह्या फोटोत चांगलं नाही दिसत." मी रागातच बटण दाबलं, पहिला फोटो हललाच.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बाहेर गेला. आजींनी पदर सारखा केला. "आता काढ," म्हणाल्या, आणि हसल्या.

संध्याकाळी त्या एकट्याच आल्या.

"छोटे झाले?"

"झाले, आजी."

"ते तुझ्याजवळच राहू दे. सुधीरने मागितले तर म्हण, खराब झाले. मोठा दे. वर जागा सोडलीस ना?"

मला त्यांच्याकडे बघवेना. "सोडली."

"तिथे माझं नाव टाक, ठळक. आणि घराचा नंबर."

मी नाव टाकलं, नंबर टाकला, फ्रेम करून दिली. जाताना त्यांनी माझ्याकडून चार खिळेही मागून नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला निघाले, तेव्हा आजींच्या मुख्य दारावर तो हसरा फोटो ठोकलेला होता आणि सुधीर दुधाची पिशवी घेऊन बाहेर बेल वाजवत उभा होता.