हार्लनचे तिरपे टायर

हार्लन सेयरने वीस वर्षं टायर बांधले. बांधले म्हणजे हातांनी. फिरत्या लोखंडी पिंपावर रबर चढवलेलं कापड एकदा उजवीकडे तिरपं ओढायचं, त्यावर दुसरं डावीकडे तिरपं, खाटेला नवार भरावी तसं. एका पाळीला साठ-सत्तर टायर. त्यांना बायस टायर म्हणत. पुढे जगाला रेडियल, म्हणजे सरळ धाग्यांचे मऊ टायर, हवे झाले आणि १९८२ साली अमेरिकेतल्या ॲक्रन या टायरच्या गावातला तो कारखाना बंद पडला. हार्लनने मग शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाला. आता तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. डाव्या अंगठ्याचं नख पिंपाखाली गेलं होतं, ते काही पुन्हा आलं नाही.

त्याच्याकडे मिरवण्यासारखी एकच वस्तू होती, १९६८ची हिरवी पॉन्टियॅक जीटीओ. लांब नाक, दांडगं इंजिन, सुरू केली की शेजारच्या खिडक्या थरथरायच्या. पण तिच्या पायात चाळीस वर्षं रेडियल होते. ही गोष्ट ॲक्रनबाहेर कोणाला सांगितली असती तर तो म्हणाला असता, मग काय झालं? ॲक्रनमध्ये मात्र झालं होतं.

कारखान्याच्या वाहनतळाचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. पहिल्या रांगेत फक्त आपण बांधतो तसे टायर. रेडियल घालून कोणी आला तर त्याने मागे, रुळांजवळ, गाडी लावायची आणि डबा हातात धरून सगळ्यांसमोरून चालत यायचं. हार्लन शेवटची तीन वर्षं तसा चालला.

कारण होतं त्याची बायको, वर्ना. १९७९च्या नोव्हेंबरात दोघं तिच्या बहिणीकडे निघाले होते. पाऊस होता. ट्रकांनी रस्त्यात चाकोऱ्या पाडल्या होत्या. गाडी एका चाकोरीत शिरली ती बाहेर येईना, आणि आली ती थेट खड्ड्यात. वर्नाच्या मांडीवर तिच्या आईचं काचेचं मोठं भांडं होतं. ते फुटलं आणि तिच्या मनगटाला सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तू बांधलेले टायर असतील तर मी त्या गाडीत बसणार नाही." हार्लनने रेडियल चढवले. ते टायर तेव्हा किती झिजले होते, हे मात्र त्याने कोणालाच सांगितलं नाही.

उरलेले कामगार दर ऑगस्टात तळ्याकाठच्या बागेत जमत. त्या वर्षी अकरा जण उरले होते आणि पुढच्या वर्षी बोलावणं धाडायचं नाही असं ठरलं होतं. हार्लनच्या मनात आलं, एकदाच खऱ्या टायरवर जायचं. आणि वर्ना शेजारी बसलेली हवी.

जुन्या गाड्यांचे टायर विकणाऱ्या रूडीने दोन टायर समोर उभे केले. दोन्हींच्या अंगावर तीच बारीक लाल रेघ.

"हा घ्या काका. बाहेरून अडुसष्ट सालचा, आतून रेडियल. सगळे हाच नेतात. काकूही खूश, तुम्हीही खूश. कोणाला कळतंय?"

हार्लनने टायरची बाजू अंगठ्याने दाबली. "गाडीखाली गेला की याचं पोट सुटेल. बायस ताठ उभा राहतो."

"तो रस्त्याची प्रत्येक खाच हुंगत जातो, काका. स्टिअरिंगशी झोंबी घ्यावी लागेल."

"पोरा, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून झोंबतोय मी. तिरपाच दे."

घरी वर्नाने टायर पाहिले. बटाट्याचं सॅलड डब्यात भरलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "मी माझ्या गाडीने येते."

"वर्ना, नवे आहेत."

"दिसतंय मला. तू पुढे हो."

तो पुढे निघाला, पंचेचाळीस मैलांच्या वर काटा न नेता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आरशात सगळा वेळ तिची छोटी निळी गाडी दिसत होती.

बागेत पहिली रांग रिकामी होती. जुना नियम चालूच होता, आणि आता सगळ्यांच्याच गाड्यांना रेडियल असल्यामुळे दहा जण मागे झाडांखाली गाड्या लावून बसले होते. हार्लनने जीटीओ एकटीच पुढे लावली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकेक जण आला, कमरेत वाकला आणि टायर अंगठ्याने दाबून गेला. सगळ्यांत शेवटी ड्वेन टॉम्को आला, नाकात प्राणवायूची नळी आणि मागे चाकांवरचं नळकांडं. एके काळी त्याचं पिंप हार्लनच्या पिंपाशेजारी होतं.

"जोड इथे आहे," त्याने बोट ठेवलं. "बरा बांधलाय. हा टायर दगा देत नाही, हार्लन. दगा देतो तो चालवणारा."

वर्ना हातात ताटली घेऊन तिथेच उभी होती. शेजारच्या बार्बर्टन गावची तळलेली कोंबडी, तिखट भात. हार्लनने तिच्याकडे पाहिलं, मग ड्वेनकडे.

"गुळगुळीत झाले होते ते," तो म्हणाला. "एकोणऐंशी साली. नक्षी उरलीच नव्हती. आज बदलू, उद्या बदलू म्हणत राहिलो. टायरचा दोष नव्हता."

ड्वेनला हसू आलं आणि लगेच खोकला. "अरे गाढवा! दिवसाला सत्तर टायर बांधत होतास आणि घरी चार नव्हते? वर चाळीस वर्षं आमच्या मालाचं नाव खराब केलंस!"

"मला माहीत होतं," वर्ना म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"टाके घालून घरी आले तेव्हा विजेरी घेऊन मी चारही टायर बघितले होते. म्हटलं, आज ना उद्या हा बोलेल."

"मग रेडियल कशाला घालायला लावलेस?"

"राग टायरवर नव्हता, हार्लन. तुझ्यावर होता." तिने त्याच्या हातात ताटली दिली. "खा. भात गार होतोय."

चार वाजता मंडळी उठली. हार्लनने गाडी सुरू केली, तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि वर्ना आत बसली. रिकामा डबा मांडीवर.

"तुझी गाडी?"

"राहू दे इथे. सकाळी मला सोड, मग नेईन."

बागेबाहेर पडताच गाडी धडधडू लागली. ठक, ठक, ठक. वर्नाने एक हात समोरच्या फळीवर टेकला.

"काय झालं?"

"काही नाही. टायर दिवसभर एका जागी उभे होते, तळाशी चपटे झालेत. दोन मैलांत गरम होतील, की गोल होतील."

तळं मागे पडलं, चर्च मागे पडलं, ठकठक हळूहळू विरळ होत थांबली. तिने हात काढून मांडीवर घेतला. मनगटावरची पांढरी रेघ उन्हात दिसली.

"एक सांगून ठेवतो," हार्लन म्हणाला. "सकाळी याहून जास्त धडधडेल. रात्रभर उभी राहणार ना."

"बरं झालं आधी सांगितलंस," वर्ना म्हणाली. "आता पुढे बघ. चाकोरी आहे."