दम सुटायच्या आधी

श्रुतिका लग्नाचे फोटो काढते आणि चांगले काढते. बिरवाडीत माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. जेवायला धड बसत नाही, बोलताना थांबत नाही. लग्नांना ती विटली होती. जिल्ह्याच्या कबड्डी सामन्यांचं वर्षभराचं काम तिला हवं होतं. संघटनेचे चिटणीस म्हणाले, "रविवारी एक फोटो काढून दाखव. पकड दिसली पाहिजे, चेहरा स्पष्ट पाहिजे. नाहीतर पनवेलचा माणूस आहेच."

मीही गेले बघायला. दुपारपर्यंत तिच्याकडे पाठी, ढोपरं आणि धूळ एवढंच जमलं होतं. बोट दाबेपर्यंत पकड सुटलेली, नाहीतर कॅमेरा पंचांच्या पांढऱ्या शर्टावर अडकलेला आणि खेळाडू धूसर.

शेवटच्या सामन्यात तिच्या गावाकडच्या वाडीचाच संघ होता. त्यांचा हृतिक चढाईला गेला. ही रेषेजवळ गुडघे टेकून बसलेली, आणि सवयीने तोंडातून निघालं, "इकडे बघा."

त्याने बघितलं. जरासा हसलासुद्धा. मागून दोघांनी त्याला आडवा केला.

"श्रुते, आता अक्षता पन टाक गो," तिचे काका येसाजी ओरडले. मैदान हसलं. पंचांनी तिला कोपऱ्यात पिटाळलं, तशी ती माझ्या खुर्चीशी येऊन नखं खायला लागली.

"आजी, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो."

"मग बघतेस कशाला? मी कॉलेजात खेळलेय. दम ऐक. सुटायला आला की आवाज चिरकतो, आणि पोरगा मधल्या रेषेकडेच झेप घेतो. दुसरीकडे जाईल कुठे?"

तिने रुमाल दातात धरला, फोकस मधल्या रेषेवर पक्का केला आणि हलली नाही. तीन चढाया गेल्या, हिने बटण दाबलं नाही. मलाच कॅमेरा हिसकावून घ्यावासा वाटला.

गुण बरोबरीत, शेवटची चढाई समोरच्यांची. हृतिकने चढाईवाल्याचा घोटा धरला. अख्खी वाडी "धर, धर" करत उठली. आवाज चिरकला. पोरगा झेपावला तेव्हा हिचं बोट खाली गेलेलंच होतं. त्याचा हात रेषेला लागला आणि वाडी हरली.

फोटोत त्या पोराचं तोंड उघडं, बोटं रेषेवर, कपाळाची शीर टरारलेली. मागे घोट्याला लोंबकळणारा हृतिक म्हणजे नुसता डाग.

चिटणीस फोटो बघत असतानाच येसाजी आले.

"आमचा पोरगा कुठं हाय यात?"

तिने बोट ठेवलं.

"ह्यो? ह्याला तोंडच नाय. थांब, दोघांना बोलावतो. परत धरतील. लग्नात हार परत घालायला लावतेस ना, तसं."

चिटणीस तिच्याकडे बघत राहिले. दर सणाला जायचं तर तिला त्याच वाडीत होतं.

"नाय काका," ती म्हणाली आणि कॅमेऱ्याला झाकण लावलं.

"पुढच्या रविवारी पोलादपूर," चिटणीस म्हणाले. "नऊला ये."

"साडेआठला येते. तिथे ऊन कुठल्या बाजूने येतं, ते बघायचंय."